टीएलआर४ ची पेशी-चाचणी बसवताना: जून ते डिसेंबर २०२३ च्या नोंदी

या नोंदी पुण्यातील एका लहान प्रयोगशाळेत ठेवलेल्या आहेत. टोल-लाइक रिसेप्टर ४, म्हणजे टीएलआर४, हा आपल्या पेशींच्या पृष्ठभागावरील रिसेप्टर (संदेश टिपणारे प्रथिन) ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंच्या आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो आणि पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनामार्फत दाहाचा संदेश पोहोचवतो. आमच्याकडे एका परजीवी कृमीचे प्रथिन ई. कोलाय जीवाणूमध्ये तयार केले जाते. ते प्रथिन मॅक्रोफेज या मानवी रोगप्रतिकारक पेशींना दिले की टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन भरपूर स्रवते, असे आमच्या आधीच्या विद्यार्थ्याला दिसले होते. ‘हे प्रथिन टीएलआर४ ला चिकटते का’ एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे होते आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमनी त्यासाठी आठ आठवड्यांचा अवधी धरला होता. प्रत्यक्षात सहा महिने लागले. हीच चाचणी दुसऱ्या कोणाला बसवायची असेल, तर त्याचा निदान अर्धा वेळ वाचावा म्हणून चुकांसकट सर्व लिहिले आहे.

१२ जून

राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी-संग्रहातून एचईके २९३ या मानवी मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी आणल्या. केंद्र पुण्यातच असल्याने बर्फाचा डबा मांडीवर घेऊन रिक्षाने परत आले, हा या प्रकल्पातील सर्वांत सोपा दिवस ठरला. या पेशी निवडण्याचे कारण असे की त्यांच्यात स्वतःचा टीएलआर४ जवळजवळ नसतो, त्यामुळे आपण जो रिसेप्टर घालू त्याचाच प्रतिसाद मोजता येतो. बेत असा होता की टीएलआर४ चे प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारे डीएनएचे छोटे कडे), सोबत टीएलआर४ कडे लिपोपॉलिसॅकराइड सोपवणाऱ्या सीडी१४ प्रथिनाचे, एनएफ-कप्पा-बीच्या तालावर चालणाऱ्या काजव्याच्या ल्युसिफेरेज या प्रकाश देणाऱ्या एन्झाइमचे आणि तुलनेसाठी रेनिला या समुद्री प्राण्याच्या ल्युसिफेरेजचे अशी चार प्लाझ्मिडे एकाच वेळी पेशींत घालायची, दुसऱ्या दिवशी लिपोपॉलिसॅकराइड द्यायचे आणि सहा तासांनी प्रकाश मोजायचा. प्लाझ्मिड पेशीत घालण्यासाठी विकतचे महागडे लिपिड न घेता पॉलिइथिलिनइमाइन वापरले. त्याची एक बाटली वर्षभर पुरते आणि एचईके पेशी त्याला चांगली साथ देतात.

२६ जून

दोन वेळा प्रयोग केला आणि दोन्ही वेळा लिपोपॉलिसॅकराइडला काहीही प्रतिसाद मिळाला नाही. टीएलआर४ शिवायच एनएफ-कप्पा-बी जागवणारे टीएनएफ दिलेल्या वेलमध्ये (प्लेटमधील खळग्यात) मात्र प्रकाश सहापट वाढला, म्हणजे ल्युसिफेरेजची बाजू ठीक होती आणि दोष रिसेप्टरच्या बाजूला होता.

दोष माझाच होता. टीएलआर४ एकटा लिपोपॉलिसॅकराइड धरू शकत नाही. त्याला एमडी-२ नावाचे छोटे प्रथिन जोडीला लागते आणि लिपोपॉलिसॅकराइडचा लिपिड-ए हा भाग मुख्यतः त्या एमडी-२ च्या खोबणीत बसतो. जपानी संशोधकांनी हे १९९९ मध्येच दाखवून दिले आहे आणि ते मी परीक्षेत लिहिलेही होते. तरीही प्लाझ्मिडांची मागणी लिहिताना ते यादीतून सुटले. नवे प्लाझ्मिड मागवून ते येईपर्यंत पंधरा दिवस गेले. मागवताना ते मानवी एमडी-२ असल्याची खात्री करून घ्यावी. उंदराचा आणि माणसाचा एमडी-२ काही रेणूंच्या बाबतीत उलट वागतो आणि या गोष्टीचा संबंध पुढे येणार आहे.

११ जुलै

एमडी-२ आले आणि आता उलटीच अडचण उभी राहिली. ज्या वेलमध्ये काहीही दिलेले नव्हते, त्यातही प्रकाश एवढा होता की लिपोपॉलिसॅकराइड दिल्यावर तो जेमतेम दीडपट वाढला. प्रयोगशाळेतील मदतनीस मामांनी प्लेट धुताना ‘आज सगळंच पेटलंय’ असे म्हटले, आणि निदान म्हणून ते अगदी अचूक होते.

कारणे दोन निघाली. पहिले असे की मी प्रत्येक वेलमध्ये टीएलआर४ चे २०० नॅनोग्रॅम प्लाझ्मिड घातले होते. हा रिसेप्टर पेशीत अति झाला की बाहेरून कोणी न बोलावताच एकमेकांशी जोड्या बांधतो आणि संदेश सुरू होतो. दुसरे कारण मला अधिक लाजवणारे आहे. प्लाझ्मिड हे ई. कोलायमध्येच वाढवलेले असते आणि साध्या किटने शुद्ध केलेल्या डीएनएबरोबर त्याच जीवाणूचे लिपोपॉलिसॅकराइडही येते. म्हणजे जो पदार्थ मला मोजायचा होता, तोच मी चाचणी सुरू होण्याआधी माझ्या हाताने प्रत्येक वेलमध्ये ओतत होते.

२४ जुलै

पाचही प्लाझ्मिडे एंडोटॉक्सिनमुक्त किटने पुन्हा तयार केली (एंडोटॉक्सिन हे लिपोपॉलिसॅकराइडचेच दुसरे नाव). या किटला साध्या किटच्या सुमारे तिप्पट पैसे पडले, पण इथे काटकसर करू नये. टीएलआर४ चे प्रमाण २४ वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला २०० वरून १५ नॅनोग्रॅमवर आणले, एमडी-२ व सीडी१४ प्रत्येकी ३० ठेवले आणि एकूण डीएनए सर्वत्र सारखा राहावा म्हणून उरलेली भरती रिकाम्या प्लाझ्मिडने केली. पार्श्वभूमीचा प्रकाश एकदम खाली आला आणि १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिपोपॉलिसॅकराइडला चौदापट प्रतिसाद मिळाला. त्या दिवशी पहिल्यांदा चाचणी ‘बसली’ असे वहीत लिहिले.

रिसेप्टर खरोखर पृष्ठभागावर आला आहे का, हे प्रतिपिंड लावून फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर पाहिले. पेशी सोडवण्यासाठी पहिल्या वेळी सवयीने ट्रिप्सिन वापरले आणि संकेत फारच दुबळा आला. ट्रिप्सिन पृष्ठभागावरील प्रथिनेही कापते, तेव्हा अशा कामासाठी पेशी केवळ ईडीटीए या धातूचे आयन धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने सोडवाव्यात.

८ ऑगस्ट

लिपोपॉलिसॅकराइडच्या निरनिराळ्या मात्रांचा आलेख काढण्यात दोन आठवडे गेले, कारण एकाच मात्रेचे आकडे दर वेळी वेगळे येत होते. हा रेणू एका टोकाला पाण्याशी सलगी करणारा आणि दुसऱ्या टोकाला तेलकट असल्याने पाण्यात त्याचे गठ्ठे होतात आणि पातळ द्रावणात तो नळीच्या भिंतीला चिकटून बसतो. मी १० नॅनोग्रॅमचे द्रावण करून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवत होते आणि त्यातला किती भाग नळीलाच लागला, ते देवच जाणे. आता मूळ द्रावण घट्ट ठेवते, वापरण्यापूर्वी पूर्ण दोन मिनिटे व्होर्टेक्स यंत्रावर जोरात हलवते आणि पातळ द्रावण त्याच दिवशी टाकून देते.

याच काळात ‘स्वच्छ’ प्रयोगाच्या हौसेने सीरमशिवाय (रक्तद्रवाशिवाय) माध्यम वापरून पाहिले, तेव्हा प्रतिसाद चौथ्या हिश्श्यावर आला. सीरममध्ये लिपोपॉलिसॅकराइडला गठ्ठ्यातून सोडवून सीडी१४ कडे पोहोचवणारे प्रथिन असते. ते काढले की रिसेप्टर जागेवर असूनही त्याच्यापर्यंत निरोप पोहोचत नाही. म्हणून १० टक्के सीरम परत आणले, मात्र कमी एंडोटॉक्सिनची हमी असलेले. अखेर आलेख नीट आला: निम्मा प्रतिसाद सुमारे १ नॅनोग्रॅमवर, १० नॅनोग्रॅमपुढे सपाट, आणि सुमारे ०.०५ नॅनोग्रॅमच्या खाली जवळजवळ काहीच नाही. हे आकडे कागदावर लिहून बाकावर चिकटवून ठेवले आणि पुढच्या साऱ्या प्रकरणाचा उलगडा शेवटी त्या कागदावरूनच झाला.

२२ ऑगस्ट

आज आमचे प्रथिन पहिल्यांदा तपासले. १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मात्रेला अकरापट प्रतिसाद मिळाला. टीएलआर४ नसलेल्या पेशींत शून्य. टीएलआर४ चा पेशीच्या आतला भाग अडवणारे टॅक-२४२ हे औषध आधी दिले की प्रतिसाद बंद. एमडी-२ वगळले की प्रतिसाद बंद. मॅडमना संध्याकाळीच दाखवले आणि परिषदेसाठी पोस्टरचा सारांश त्याच रात्री लिहून पाठवला. शीर्षकात ‘टीएलआर४ चा नवा बंधक रेणू’, म्हणजे त्याला चिकटून चेतवणारा रेणू, असे शब्द होते.

५ सप्टेंबर

आमच्याकडे पूर्वी काम केलेल्या एक ताई भेटीला आल्या होत्या. आलेख पाहून त्यांनी एकच प्रश्न विचारला: ‘प्रथिन कशात वाढवलं?’ मी ई. कोलाय म्हटले आणि उत्तर देतानाच मला त्या प्रश्नाचा रोख कळला.

मी जे जे नियंत्रण-प्रयोग केले होते, त्यांतून संदेश टीएलआर४ मार्फत जातो एवढेच सिद्ध होत होते. तो संदेश सुरू करणारा रेणू आमचे प्रथिन आहे की त्याच्या सोबत आलेले जीवाणूचे लिपोपॉलिसॅकराइड, हे त्यांपैकी एकही प्रयोग सांगू शकत नव्हता, कारण दोन्ही बाबतींत प्रत्येक उत्तर अगदी सारखेच आले असते. ताईंनी हीट-शॉक प्रथिनांची, म्हणजे पेशीवर ताण आला की वाढणाऱ्या प्रथिनांची, आठवण करून दिली. एचएसपी६० आणि एचएसपी७० ही प्रथिने टीएलआर४ ला चेतवतात असे अनेक शोधनिबंध एके काळी प्रसिद्ध झाले होते आणि २००३ च्या सुमारास प्रथिन नीट शुद्ध केल्यावर तो परिणाम नाहीसा होतो, असे दाखवले गेले. ज्या सापळ्यात एवढी मंडळी अडकली, त्यात मीही पोस्टरसकट उभी होते.

१५ सप्टेंबर

लिपोपॉलिसॅकराइडला बांधून निकामी करणारे पॉलिमिक्सिन-बी १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या प्रमाणात दिले. शुद्ध लिपोपॉलिसॅकराइडचा प्रतिसाद नव्वद टक्क्यांनी पडला, आमच्या प्रथिनाचा मात्र साठच टक्क्यांनी. माझ्या सहकाऱ्याचे म्हणणे पडले की मग उरलेले चाळीस टक्के प्रथिनाचेच असणार. मलाही ते पटावेसे वाटत होते, परंतु प्रथिनाला घट्ट चिकटलेल्या लिपोपॉलिसॅकराइडपर्यंत पॉलिमिक्सिन पोहोचतेच असे नाही, त्यामुळे हा निष्कर्ष काढता येत नाही.

मग उकळण्याचा जुना प्रयोग केला. समज असा की शंभर अंशांवर प्रथिन मोडते आणि लिपोपॉलिसॅकराइड टिकते. अर्धा तास उकळल्यावर आमच्या प्रथिनाचा प्रतिसाद निम्मा झाला, आणि क्षणभर आनंद झाला. सुदैवाने शेजारी १ नॅनोग्रॅम शुद्ध लिपोपॉलिसॅकराइडही उकळायला ठेवले होते आणि त्याचाही प्रतिसाद जवळजवळ तितकाच घसरला होता. इतक्या पातळ मात्रेत तेही उष्णतेला पुरते दाद न देणारे नसते. ती शेजारची नळी नसती, तर मी चुकीचे उत्तर खात्रीने लिहून मोकळी झाले असते.

३० सप्टेंबर

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपत आल्याचे लक्षात आले. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली, रस्ते बंद होते आणि गॅसची गाडी येणे शक्यच नव्हते. प्रयोगशाळा उघडली तेव्हा सर्व फ्लास्कमधील माध्यम गुलाबी-जांभळे झाले होते. पेशी टाकून दिल्या आणि द्रव नायट्रोजनमधून नव्या काढल्या, त्यात बारा दिवस गेले. पुण्यात काम करणाऱ्यांनी गणेशोत्सवाआधी राखीव सिलिंडर भरून ठेवावा.

१३ ऑक्टोबर

अंदाज बांधणे थांबवून एंडोटॉक्सिन थेट मोजायचे ठरवले. ही चाचणी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या लिम्युलस खेकड्याच्या निळ्या रक्तातील घटकांवर चालते. खेकड्याला त्रास न देता प्रयोगशाळेत बनवलेला फॅक्टर-सी वापरणारे किटही आता मिळते, पण आमच्या पुरवठादाराकडे ते नव्हते.

पहिल्या प्रयत्नात प्रथिनाचा नमुना सरळ घातला आणि आकडा आश्चर्यकारकरीत्या कमी आला. त्यात ज्ञात प्रमाणाचे एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून पाहिले, तेव्हा त्यातले वीसच टक्के परत मोजले गेले, म्हणजे आमचा बफर, ज्या द्रावणात प्रथिन ठेवले होते तो, चाचणीलाच अडवत होता. नमुना हजारपट पातळ केल्यावर परतीचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेले आणि खरा आकडा मिळाला: प्रत्येक मिलिग्रॅम प्रथिनामागे ४२०० एंडोटॉक्सिन युनिट.

आता हिशेब साधा आहे. वेलमध्ये प्रथिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल, तर त्याबरोबर ४२ युनिट जातात. एक युनिट म्हणजे ढोबळमानाने ०.१ नॅनोग्रॅम लिपोपॉलिसॅकराइड, म्हणून ४२ युनिट म्हणजे सुमारे ४ नॅनोग्रॅम. बाकावर चिकटवलेल्या आलेखात ४ नॅनोग्रॅमसमोर अकरापट प्रतिसाद आहे, आणि २२ ऑगस्टच्या नोंदीत प्रथिनासमोरही अकरापटच आहे. मॅडमनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता. पोस्टर मागे घेण्याचे पत्र मी त्याच दिवशी पाठवले.

२ नोव्हेंबर

प्रथिन स्वच्छ करण्याची पद्धत ट्रायटन एक्स-११४ ची घेतली. हे डिटर्जंट थंडीत पाण्यात मिसळून राहते आणि सुमारे बावीस-तेवीस अंशांपुढे गढूळ होऊन वेगळे पडते, तेव्हा तेलकट लिपोपॉलिसॅकराइड त्याच्यासोबत तळाशी जाते आणि प्रथिन वरच्या पाण्यात राहते. एक टक्का डिटर्जंट, बर्फावर अर्धा तास, ३७ अंशांवर दहा मिनिटे आणि मग सेंट्रिफ्यूज, असा एक फेरा होतो. पहिल्या फेरीचे माझे नुकसान सेंट्रिफ्यूजमुळे झाले, कारण ते सवयीने चार अंशांवर लावलेले होते आणि वेगळे झालेले दोन थर पुन्हा एक झाले. यंत्र २५ अंशांवर आधीच तापवून ठेवणे आवश्यक आहे.

दोन फेऱ्यांनी आकडा ४२०० वरून ३८० आणि तिथून ४० वर आला.

स्वच्छ केलेले प्रथिन पुन्हा घाण होऊ नये म्हणून काचसामान २५० अंशांवर अर्धा तास भाजायचे ठरवले, कारण ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांनी जीवाणू मरतात, पण लिपोपॉलिसॅकराइड शाबूत राहते. आमच्या ओव्हनची तबकडी २५० दाखवत असताना आत ठेवलेला तापमापक २०५ दाखवत होता. तेव्हापासून काच सोडून सीलबंद, एंडोटॉक्सिनमुक्त प्लॅस्टिकच वापरले.

२१ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुटीनंतर स्वच्छ प्रथिन पेशींना दिले आणि सर्व पेशी सुटून तरंगू लागल्या. प्रथिनात डिटर्जंटचा अंश राहिला होता. तो शोषून घेणाऱ्या मण्यांतून द्रावण दोनदा फिरवल्यावर पेशी जगल्या. या साऱ्या खटाटोपात मूळ प्रथिनातील सुमारे तिसरा हिस्सा गेला.

१ डिसेंबर

आता प्रतिसाद अकरापटीवरून १.८ पटीवर आला होता. शून्य मात्र नव्हता, आणि आशा या गोष्टीवरही जगते. इथे मी एक आडवाट धरली, ती नोंदवून ठेवते. २०१० मध्ये असे दाखवले गेले की निकेलचे आयन मानवी टीएलआर४ ला ४५६ आणि ४५८ या स्थानांवरील हिस्टिडिनांपाशी चिकटून थेट चेतवतात. उंदराच्या रिसेप्टरमध्ये ही हिस्टिडिने नसल्याने त्यावर असा परिणाम होत नाही, आणि माणसांना निकेलच्या दागिन्यांची ॲलर्जी होते तिचे एक कारण हे आहे. आमचे प्रथिन जीवाणूपासून वेगळे करताना निकेलच्या स्तंभावरूनच काढलेले असते. स्तंभातून निकेल झिरपत असेल तर?

प्रथिन ईडीटीए घालून आणि नंतर त्याशिवाय असे दोनदा डायलिसिस केले, तरी प्रतिसाद १.८ च राहिला. दुसरीकडे माझ्या पेशींना निकेल क्लोराइड देऊन पाहिले तर त्या ५०० मायक्रोमोलरच्या पुढेच जाग्या झाल्या, आणि स्तंभातून इतके निकेल झिरपणे शक्य नाही. शंका मजेदार होती, पण तिच्यात आठ दिवस गेले. साधा हिशेब आधी केला असता तर गेले नसते: उरलेले ४० युनिट प्रति मिलिग्रॅम म्हणजे वेलमध्ये ०.०४ नॅनोग्रॅम, अगदी माझ्या चाचणीच्या उंबरठ्यावर.

११ डिसेंबर

ट्रायटनचा तिसरा फेरा दिला. आकडा मिलिग्रॅममागे ६ युनिट आला. प्रतिसाद १.० पट. प्रथिनाची मात्रा पाचपट वाढवूनही १.१ पट. त्याच स्वच्छ प्रथिनात १ नॅनोग्रॅम लिपोपॉलिसॅकराइड मिसळल्यावर प्रतिसाद एरवीइतकाच आला, म्हणजे प्रथिनात उरलेले काही रिसेप्टरला अडवत आहे असेही नाही. टीएचपी-१ या मानवी पेशींपासून केलेल्या मॅक्रोफेज पेशी एचईके पेशींपेक्षा बऱ्याच हळव्या असतात. त्यांनीही स्वच्छ प्रथिनाला टीएनएफ-अल्फा दिले नाही. म्हणजे हा सारा प्रकल्प ज्या निरीक्षणावर उभा होता, ते निरीक्षणही एंडोटॉक्सिनचेच होते.

याची दुसऱ्या वाटेने खात्री करावी म्हणून प्रथिन क्लिअरकोलाय या ई. कोलायच्या बदललेल्या वाणात वाढवण्याचा बेत मॅडमपुढे ठेवला आहे. त्याच्या आवरणात पूर्ण लिपोपॉलिसॅकराइडऐवजी लिपिड-४-ए असते आणि मानवी टीएलआर४-एमडी-२ त्याने जागा होत नाही. मात्र उंदराच्या पेशींत हाच लिपिड-४-ए रिसेप्टरला चेतवतो, म्हणून ही तपासणी उंदराच्या पेशींवर करणाऱ्याची फसगत होईल. जूनमध्ये एमडी-२ कोणत्या प्राण्याचे आहे ते पाहा असे लिहिले होते, ते याचसाठी.

१८ डिसेंबर

खर्चाची नोंद. प्लाझ्मिडे आणि एंडोटॉक्सिनमुक्त किट मिळून सुमारे ४५ हजार रुपये, एंडोटॉक्सिन मोजण्याचे किट दोनदा घ्यावे लागल्याने ६० हजारांच्या आसपास, कमी एंडोटॉक्सिनचे सीरम ३५ हजार, ल्युसिफेरेजची रसायने ४० हजार आणि बाकी किरकोळ. एंडोटॉक्सिन पहिल्याच आठवड्यात मोजले असते, तर ६० हजारांतले निम्मे तेवढे लागले असते आणि उरलेल्यातले बरेच लागलेच नसते.

मॅडमनी प्रबंधातील त्या प्रकरणाचे शीर्षक पेन्सिलने खोडले, पण प्रकरण ठेवायला सांगितले. उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये जुन्या प्रथिनाच्या चौदा नळ्या शिल्लक आहेत. त्या टाकून न देता मामांकडून नवी लेबले लावून घेतली आहेत. प्रत्येक लेबलावर तारखेखाली ‘४२०० युनिट’ असे लाल शाईने लिहिले आहे.